पाटलाचा खोकला

हरिचंद्र लोखंडेने आयुष्यात एकच काम मन लावून केलं, ते म्हणजे पाटलाचं. खऱ्या पाटलाचं नव्हे, जलशातल्या. बाकी नोकरी, संसार, समाजसेवा वगैरे जे त्याच्या नावावर जमा आहे ते सगळं दुसऱ्यांनी केलेलं आहे. तो रंगाच्या कंपनीत डबे भरायच्या खात्यात होता, पण डबे शेजारचा भरायचा. हरिचंद्र उंच स्टुलावर बसून कालच्या कार्यक्रमात कुठल्या वाक्याला किती टाळ्या पडल्या ते सांगायचा. कलावंत माणसाला हात काळे करायला लावणं बरं नव्हे, असं सुपरवायझरलाही वाटत असावं.

आमची वस्ती अंबरनाथला, रेल्वेच्या पश्चिमेला, केमिकल कंपन्यांच्या भिंतीला पाठ लावून बसलेली. बहुतेक घरं बौद्धांची. या वस्तीतला आंबेडकरी जलसा, म्हणजे गाणी आणि वग करत फिरणारी पार्टी, सुरू केला तो धोंडिबा सोनवणे यांनी. धोंडिबा मूळचे मुरबाडकडचे. लहानपणी एकदा भर उन्हात तहान लागली म्हणून गावच्या विहिरीवर स्वतः पोहरा सोडला, आणि त्याबद्दल पाटलाच्या माणसांनी त्यांना चावडीसमोर बांधून ठेवलं, संध्याकाळपर्यंत, पाण्यावाचून. ही हकिगत त्यांनी कधी भाषणात सांगितली नाही. तिचा वग केला.

वग साधा होता. गावचा पाटील खुर्चीवर बसलेला. शहरात शिकून आलेला वस्तीतला तरुण त्याच्यासमोर उभा. दोघांची जुंपते. पाटील बोलतो, बोलतो, इतका बोलतो की त्याचा घसा सुकतो आणि त्याला खोकला लागतो. गडीमाणसं शेतावर गेलेली. जवळ पाणी फक्त वस्तीतल्या म्हातारीकडे. ती तांब्या पुढे करते. पाटील इकडे बघतो, तिकडे बघतो आणि शेवटी पितो. संपलं. कोणी त्याला मारत नाही, कोणी उपदेश करत नाही. तो पाणी पितो आणि लोक उठून उभे राहतात.

संवाद लिहिलेले नव्हते. मधलं ज्याचं त्याने सुचेल तसं बोलायचं, अशीच जलशाची रीत. पक्क्या गोष्टी दोनच: खोकला आणि पाणी. पाटील खोकला की ढोलकीवाल्या रघूने तीन थापा द्यायच्या, कोरसने ‘तहान लागली’ ही ओळ धरायची, आणि म्हातारीने यायचं. म्हातारीचं काम धोंडिबांची बायको भिमाबाई करायच्या. खरं तर तेव्हा त्या म्हाताऱ्या नव्हत्याच, पदर पुढे ओढला की काम भागायचं. त्यांना एकही वाक्य नव्हतं. दिवसभर उल्हासनगरला एका सिंधी सेठच्या कारखान्यात जीन्सचे धागे कापायचे आणि घरी येऊन वगातला पितळेचा तांब्या चिंचेने घासायचा. कार्यक्रम जांभूळला असो, शिरगावला असो नाहीतर बारवी धरणाकडच्या एखाद्या पाड्यावर असो, तांब्या लख्ख असायचा.

पाटलाच्या कामासाठी धोंडिबांनी वस्तीतल्याच हरिचंद्रला निवडलं ते त्याच्या उंचीसाठी आणि आवाजासाठी. निवड चुकली असं म्हणता येणार नाही. हरिचंद्र नकलाकार होता, आणि चांगला होता, हे कबूल केल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही. तो बदलापूरला देवळात कीर्तन ऐकायला जायचा, देवासाठी नव्हे. कीर्तनकार एकटाच राजा होतो, राणी होतो, भिकारी होतो आणि मानेच्या एका झटक्यात माणूस बदलतो, ते बघायला. उल्हासनगरच्या कॅम्पात भगत, म्हणजे सिंध्यांचा गाण्यागोष्टींचा खेळ, असला की तिथेही हजर. घोळदार झग्यातला तो गवई गाता गाता मध्येच थबकतो, गोष्ट दोन पावलं पुढे नेतो, लोकांना ताटकळत ठेवतो आणि गिरकी घेऊन पुन्हा गाण्यात शिरतो. भाषा हरिचंद्रला अर्धीच कळायची, पण ते थबकणं त्याने उचललं. शेजारच्या चाळीतल्या कोकणातल्या लोकांच्या नमन-खेळ्यातून त्याने सोंगाची चाल उचलली. या सगळ्याचा मिळून त्याचा पाटील झाला. मिशीला पीळ देत तो नुसता “काय रं?” म्हणाला की पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या खरोखर अंग चोरायच्या. त्यांनी असे पाटील पाहिलेले होते.

धोंडिबा त्याला एकच सांगायचे, “पाटील जेवढा माजेल तेवढं शेवटचं पाणी गोड लागंल. म्हणून माज कमी करू नको, हरी. फक्त शेवटाला पी.”

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर धोंडिबा वारले. तेरा वर्षं जुना जलसा हरिचंद्रच्या हातात आला, कारण दुसरा कोणी पुढे झाला नाही. आमच्याकडे कोणी पुढे होत नाही आणि मग जो होतो त्याला नावं ठेवायची, ही रीत जुनी आहे. वर्षभरात जलशाच्या पार्टीचं नाव बदललं. बॅनरवर मधोमध हरिचंद्रचा फेटेवाला फोटो आला आणि धोंडिबा वरच्या कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढे उरले. पुढे तो जयंती कमिटीचा अध्यक्षही झाला. त्याच्या घरासमोर बाकडं पडलं. सकाळी त्या बाकड्यावर तो बसायचा आणि ज्याचं काही काम असेल तो समोर उभा राहायचा. बसायला दुसरं बाकडं नव्हतंच. कोणी त्याबद्दल काही बोललं नाही. बघून बघून सवय झाली होती, स्टेजवर पण असंच असायचं.

तरी तोवर पाटील पाणी पीत होता.

ते बंद पडलं ते विष्णुपंतांमुळे. विष्णुपंत कंपनीतले पर्सोनेल ऑफिसर. राहायला बदलापूरला. तिथे त्यांचं एक नाट्यमंडळ होतं, ते दर वर्षी स्पर्धेत उतरायचं आणि दर वर्षी परीक्षक नालायक निघायचे. कंपनीच्या वर्धापनदिनाला हरिचंद्रने हॉलमध्ये वग केला. शेवटी विष्णुपंत स्टेजवर आले, त्यांनी हरिचंद्रचा हात हातात घेतला आणि म्हणाले, तुमचा पाटील म्हणजे अस्सल माणूस, अहो आमच्या मंडळात असा नट नाही. मग थोडं जवळ येऊन हळू म्हणाले, “पण शेवटी ते पाण्याचं कशाला हो? इतकं छान रंगलेलं असतं आणि एकदम प्रचार येतो. रसभंग होतो.”

रसभंग. हरिचंद्रने हा शब्द घरी नेला आणि फ्रेम करून लावावा तसा मनात लावला. त्याचा नेमका अर्थ त्याला ठाऊक होता असं मला वाटत नाही. पण ऑफिसरने हात हातात घेऊन दिलेला शब्द होता. पुढचे काही महिने वस्तीत जिथे तिथे रसभंग झाला. कोरसमधली बाई खोकली, रसभंग. किसनने लांब वाक्य घेतलं, रसभंग. चहात साखर कमी, तरी रसभंग. किसन म्हणजे वगातला तरुण, रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर. तो एकदा म्हणाला, “दादा, तुमची पगारवाढ थांबली तर त्याला पण रसभंग म्हणायचं का?” त्या दिवसापासून किसनची वाक्यं कमी व्हायला लागली.

आणि पाणी गेलं. हरिचंद्रने तालमीत सांगितलं की शेवट आता पाटलाच्या हसण्यावर होईल. पाटील हसेल, तरुण मान खाली घालून निघून जाईल, प्रेक्षक विचार करत घरी जाईल. रघूने थापा द्यायच्या नाहीत, कोरसने ‘तहान लागली’ धरायचं नाही. भिमाबाईंनी यायची गरज नाही, त्यांनी आता विश्रांती घ्यावी, वय झालं.

भिमाबाई दुसऱ्या दिवशी सकाळी बाकड्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. हे बोलणं नळावरच्या सगळ्या बायकांनी ऐकलं, म्हणून आम्हाला ते शब्दन् शब्द ठाऊक आहे.

“हरी, पाणी का काढलंस?”

“वहिनी, रसभंग होतो त्याने.”

“म्हंजे काय होतं?”

हरिचंद्रने सांगायचा प्रयत्न केला. नाटकाची गोडी वगैरे. मग म्हणाला, “तुम्हाला नाही कळायचं ते.”

“मला वाक्य नको, नाव नको. होतं तेवढंच दे. ह्यांनी सगळा वग त्या पाण्यासाठी रचला. बाकीचं नुसतं तिथपर्यंत जायला हाय.”

“दिवस बदलले, वहिनी. आता कोण पाळतं असलं? जुनं किती दिवस उकरायचं? चार जातींची माणसं येतात कार्यक्रमाला, साहेब लोक येतात. त्यांना अवघडल्यासारखं होतं.”

“कोणी पाळत नाय म्हणतोस,” भिमाबाई म्हणाल्या, “मग पाटलाला प्यायला काय हरकत हाय?”

हरिचंद्र बाकड्यावरून उठला आणि आत गेला. त्याच्याकडे स्टेजवर सहाशे वाक्यं होती, पण ती सगळी वरून खाली बोलायची होती.

पुढची काही वर्षं जलशाचं जे झालं ते सांगायला लाज वाटते. कीर्तनात एक माणूस सगळी माणसं होतो, भगतात एक माणूस गाण्यातून गोष्ट ओढत नेतो, तिथे ते शोभतं, त्या कलेची बांधणीच तशी आहे. जलशाची बांधणी निराळी. तिथे माणूस माणसासमोर उभा राहून बोलतो आणि समोरच्याने उत्तर द्यायचं असतं. हरिचंद्रने उत्तर काढून टाकलं. दोन तारांपैकी एक कापायची आणि दिवा लागेल म्हणायचं, तसा हा प्रकार. तरुण आला की पाटील बोलायचा, गेला की पाटील बोलायचा. मध्ये सिनेमाच्या चालीवर गाणी, सिंथेसायझर, लाल-निळे दिवे. लोकांना आवडायला लागलं. पाटील आवडायला लागला, हे त्यातलं सर्वांत वाईट. शाळेतली पोरं खिशात हात घालून एकमेकांना “काय रं” करायला लागली. ज्या माणसाने त्यांच्या आजोबांना उन्हात बांधलं, त्याची नक्कल ती कौतुकाने करत होती आणि आईबाप हसत होते.

एक गोष्ट मात्र हरिचंद्रने काढली नाही. खोकला. तो त्याला फार चांगला साधला होता. आधी घशात बारीक खवखव, मग खुर्चीचा हात धरून पुढे वाकणं, डोळे पांढरे करणं, फेटा सावरणं. हशा आणि टाळ्या. पाणी गेल्यावर त्या खोकल्याला काही अर्थ उरला नव्हता. पाटील खोकायचा आणि पुन्हा बोलायला लागायचा. पण टाळ्या देणारी जागा कुठला नट सोडतो? ज्याने खोकला ठेवला त्याने पाण्याला वाट ठेवली, हे एवढ्या मोठ्या कलावंताच्या लक्षात आलं नाही.

भिमाबाई कार्यक्रमाला येतच राहिल्या. पुढच्या रांगेत बायकांमध्ये बसायच्या आणि मांडीशी तो तांब्या असायचा. एप्रिलचा उकाडा, आजूबाजूच्या बायका त्यातलं घोटभर पाणी प्यायच्या, लेकरांना पाजायच्या. कोणाला त्यात काही वाटलं नाही. पण खोकला सुरू झाला की त्या तांब्यावर हात ठेवायच्या, आणि ढोलकीच्या थापा आल्या नाहीत की हात काढून घ्यायच्या.

मग आली नगरपालिकेच्या निवडणुकीची हवा. हरिचंद्रला तिकीट हवं होतं. जयंतीच्या कार्यक्रमाला त्याने तालुक्याचा एक पुढारी बोलावला आणि सभ्य समाज म्हणून विष्णुपंतांना बोलावलं. मैदानात पुढे सोफे मांडले. सोफ्यांसमोर टेबल, टेबलावर पांढरी चादर, चादरीवर थंड पेयाच्या बाटल्या, प्रत्येक बाटलीत नळी. वस्तीतली माणसं मागे सतरंजीवर. पुढारी अत्तर लावून आला होता. विष्णुपंत त्याला समजावत होते की लोककलेत कच्ची ताकद असते, फक्त तिला संस्कार लागतात.

वग सुरू झाला. हरिचंद्र त्या दिवशी खरोखर रंगला, पण सतरंजीसाठी नाही. तोंड सोफ्याकडे आणि खांदा वस्तीकडे ठेवून तो बोलत होता. किसन समोर मुकाट उभा. त्याला आता तीन ओळी उरल्या होत्या. पाटलाने आवाज चढवला, मिशी पिळली, आणि ठरलेल्या जागी खोकला काढला.

खोकला थांबला नाही.

रंगाच्या कंपनीत इतकी वर्षं काढलेला घसा तो. कंपनीचा मास्क हरिचंद्र कधी लावत नसे, आवाज घोगरा होतो म्हणायचा. आता खवखव खरी होती, डोळ्यांतलं पाणी खरं होतं. लोकांना वाटलं नेहमीचं आहे, हशा पिकला. तो खुर्चीचा हात धरून वाकला, टाळ्या पडल्या. मग टाळ्या थांबल्या, कारण फेटा घसरून कानावर आला तरी त्याने सावरला नाही.

रघूने तीन थापा दिल्या. त्याला नंतर विचारलं तेव्हा तो म्हणाला, हात आपोआप गेला, पाटील खोकला की हात जातोच. असेलही, मधल्या इतक्या वर्षांत मात्र तो गेला नव्हता. कोरसमधल्या दोन जुन्या बायकांनी ‘तहान लागली’ धरलं, आणि नव्या पोरींना ती ओळ ठाऊक नव्हती तरी त्यांनी मागे ओढली. भिमाबाई उठल्या. आता पदर पुढे ओढायची गरज नव्हती, त्या खऱ्याच म्हाताऱ्या झाल्या होत्या. किसनने हात देऊन त्यांना वर घेतलं. त्यांनी तांब्या पुढे केला.

किती वर्षांनी तो तांब्या त्या दिव्याखाली आला होता. मागे सतरंजीवरचे दोन-तीन म्हातारे उभेही राहिले, जुन्या सवयीने, शेवट आला म्हणून.

हरिचंद्रला तहान लागलेली होती. हे ध्यानात ठेवायला हवं. त्याला नाटकातली नव्हे, खरी तहान लागली होती, आणि खरं पाणी हातभर अंतरावर होतं, त्याच्या गुरूच्या बायकोच्या हातात. त्याने तांब्याकडे पाहिलं. मग सोफ्याकडे पाहिलं. पुढारी घड्याळ बघत होता. विष्णुपंतांच्या कपाळाला बारीकशी आठी होती.

हरिचंद्र खुर्चीवरून उठला. तांब्याला वळसा घालून, खोकत खोकत, तो स्टेजच्या पायऱ्या उतरला. पाहुण्यांच्या टेबलापाशी गेला, एक बाटली उचलली आणि नळी ओठात धरून प्यायला. फेटा कानावर, धोतराचा सोगा हातात, आणि नळीने थंड पिणारा पाटील. बाटली संपेपर्यंत प्याला. शेवटी नळीचा घुर्र असा आवाज आला, तो माईकवाचून सगळ्या मैदानाला ऐकू गेला.

भिमाबाईंनी तांब्या खाली घेतला. आयुष्यभरात त्यांनी स्टेजवर एकच वाक्य म्हटलं, ते तेव्हा. मोठ्याने नाही, सांगितल्यासारखं.

“ऱ्हाऊ दे. हा पाटील खराच हाय.”

मग त्यांनी तांब्या किसनला दिला. किसन प्याला, त्याने रघूला दिला, रघूने कोरसला. पाणी संपलं तेव्हा पडदा ओढायला सांगावं लागलं नाही. सतरंज्या आपोआप गुंडाळल्या गेल्या. हरिचंद्र टेबलापाशी रिकामी बाटली धरून उभा होता आणि माणसं त्याच्या दोन्ही बाजूंनी निघून जात होती. कोणी शिवी दिली नाही. दिली असती तर त्याने उत्तर दिलं असतं.

विष्णुपंत मात्र थांबले. त्यांनी त्याचा हात पुन्हा हातात घेतला. म्हणाले, “हा शेवट नवा बसवलात का? काय विलक्षण आहे! पाणी नाकारून पाहुण्यांत येऊन पिणारा पाटील. आधीच्यापेक्षा कितीतरी वरचा.”

हरिचंद्रने फेटा सावरला. “हो साहेब,” तो म्हणाला, “मुद्दामच बसवला.”

त्याला तिकीट मिळालं, आणि तो पडला. वस्तीतल्या पेटीतून त्याच्या घरच्यांपुरती मतं निघाली, आणि तीही सगळी नाही. आता तो बाकड्यावर बसतो. समोर उभं राहायला कोणी येत नाही, म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारून सांगतो की जलसा त्याने वर नेला होता, लोकांची लायकी नव्हती. घशाचं औषध चालू आहे. लोक त्याला पाटील म्हणतात. तो अजून ते कौतुक समजतो.

जलसा किसन चालवतो. सिंथेसायझर परत दिला, दिवे साधे लावतो. पाटलाचं कामही तोच करतो, कारण दुसरा उंच माणूस मिळाला नाही. त्याचा पाटील काही खास नाही. आवाज चढला की फाटतो, मिशी एका बाजूने सुटते, आणि खोकला तर अगदीच खोटा वाटतो. पुढच्या रांगेतल्या पोरी हसतात. मग थापा पडतात, भिमाबाईंना दोघी जणी धरून वर आणतात, आणि तो पाणी पितो.